डाव्या हाताचा आवाज

पितृपक्ष लागला की आमच्या गल्लीतली गर्दी एका दिवसात आटते. मांडवांचे बांबू अजून फुटपाथवर आडवे पडलेले असतात, सुतळीचे तुकडे वाऱ्याबरोबर गटारापर्यंत जाऊन अडकतात, आणि ऊन असं पडतं की पाऊस गेला की नुसता जेवायला बसलाय ते कळत नाही. गच्च्यांच्या कठड्यांवर पानं मांडलेली असतात. कावळे इतके जेवलेले असतात की वडा समोर दिसला तरी मान वळवतात. या पंधरा दिवसांत कुणी गाडी घेत नाही. गाडीच नवी येत नाही तर गाडीचं सामान कोण घेणार? आमच्या धंद्यातली माणसं शटर अर्धं ओढून जांभया देत बसतात. मी मात्र दर वर्षी या दिवसांत कामाला जास्तच जोर लावते. शिवडीच्या गोदामातल्या माझ्या जागेत आज सकाळपासून करवत चालू आहे. शेजारचा ट्रान्सपोर्टवाला मघाशी डोकावून म्हणाला, "काय ताई, पितृपक्षातपण ऑर्डर?" मी हसले. सगळ्यांना सगळं कुठे सांगत बसायचं.

हे सुरू झालं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि लोअर परळच्या पुलाजवळ एका दुकानात गाड्यांची सीट कव्हरं शिवत होते. दुकान मोहनशेठचं. पुढे काचेच्या कपाटात हॉर्न, आरसे, स्टीरिओ. मागे माझं मशीन. आणि अगदी मागे, मोरीच्या शेजारी, अंतोन अंकलचा कोपरा. अंतोन अंकल सबवूफरचे बॉक्स बनवायचे. सबवूफर म्हणजे ज्या स्पीकरातून फक्त खालचा, जाडा आवाज येतो तो. आम्ही नुसतं सब म्हणायचो. तो उघडा ठेवून चालत नाही, त्याला बंद लाकडी डबा लागतो. अंकल गिरगावातल्या त्यांच्या वाडीतून रोज सकाळी साडेनऊला यायचे, शर्टाच्या खिशात पेन्सिल, गळ्यात क्रूस, आणि बोलणं एखाद-दुसरं. उजव्या हाताची दोन बोटं करवतीने नेली होती.

बॉक्स तयार झाला की त्यावर काळं कार्पेटचं कापड चिकटवायचं काम माझ्याकडे. त्यामुळे प्रत्येक बॉक्स माझ्या हाताखालून जायचा. गाडीत बसवल्यावर आवाज कसा येतो तेही मी मशीनवर बसून ऐकायचे. आमच्या लालबागच्या चाळीत तळमजल्यावर भजनी मंडळ होतं, आणि आमची खोली बरोबर त्याच्या वर. लहानपणी मी जमिनीवर पालथी पडून अभ्यास करायचे तेव्हा पखवाज पोटातून ऐकू यायचा. गाण्यातलं मला काही कळत नाही. पण जाडा आवाज आखडला, लांबला, फुटला, की माझं शिवण थांबायचं.

एकदा मी अंकलना म्हटलं, "अंकल, मला शिकवा ना बॉक्स करायला."

त्यांनी आपला उजवा हात माझ्यासमोर धरला. "माझी आठ हायेत. तुझी किती?"

"दहा."

"मग शिवणकाम कर, बाय."

तो विषय तिथे संपला. माझ्यापुरता तो संपला नव्हता. त्यांनी टाकून दिलेल्या मापांच्या चिठ्ठ्या मी गोळा करायचे आणि घरी वहीत उतरवून काढायचे. नवरा विचारायचा, "हे काय, भूमिती?" मी म्हणायचे, "असू दे."

त्या वर्षी गणपती गेले आणि मोहनशेठनी सांगून टाकलं की दसऱ्यापासून तयार बॉक्स आणायचे. बाजारात एकाच मापाचे शेकड्यांनी मिळतात. दहा इंची सब असो की बारा, भोक पाडायचं आणि बसवायचा. अंकलच्या कोपऱ्यात माल ठेवायला जागा होईल. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांचंही बरोबर होतं, गिऱ्हाईकाला नुसतं काच हादरली की झालं. अंकलनी पेन्सिलीला टोक केलं, बराच वेळ.

आणि तृतीयेला, दुकानात माशी हलत नव्हती अशा दुपारी, परब आले.

नारायण परब पन्नाशीचे, टुरिस्ट टॅक्सी चालवायचे, राहायला वरळीच्या बीडीडी चाळीत. पांढरी गाडी, आरशाला वाळलेली झेंडूची माळ. त्यांनी डिकीतून बारा इंची नवा कोरा सब काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "हा बसवायचाय. दशमीच्या आत."

शेठना आश्चर्य वाटलं. "पितृपक्षात? लोक खिळा घेत नाहीत हो."

"बापासाठी करतोय," परब म्हणाले. "मग पितृपक्षातच करणार ना? दशमीला त्यांचा म्हाळ आहे."

त्यांचे वडील भिकाजी परब गिरणीत होते आणि चाळीच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं दर एकादशीला पखवाज वाजवत होते. जाऊन चार वर्षं झाली होती. ते जायच्या आधीच्या वर्षी मंडळातल्या एका हौशी माणसाने चांगला माइक लावून पटांगणातलं एक अख्खं भजन रेकॉर्ड केलं होतं. ते पेनड्राइव्हवर होतं. परबांनी ते गाडीच्या साध्या स्पीकरांवर लावलं आणि आम्हाला म्हणाले, "ऐका."

टाळ ऐकू आले, पेटी आली, कोरस आला. पखवाजाचं टक टक, तिट तिट आलं.

"हा उजवा हात," परब म्हणाले. "डावा कुठाय? मोबाइलवर लावलं, टीव्हीवर लावलं, भाच्याच्या त्या ब्लूटूथवर लावलं. माझ्या बापाचा डावा हात कशातच वाजत नाही. चाळीत सगळे म्हणायचे, भिकाजीबुवाचा डावा हात म्हणजे जिना हलतो. आई पंच्याऐंशीची झालीय. तिला एकदा ऐकवायचाय."

मला आठवतं, माझा हात मशीनच्या चाकावर तसाच राहिला होता. पोटातून ऐकू यायचा तो आवाज कुठला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेठनी नमुन्याला आणलेला तयार बॉक्स काढला, सब त्यात बसवला, वायरी जोडल्या, भजन लावलं. काच हादरली. ढब, ढब, ढब. प्रत्येक ठोका सारखा, जसं कुणी गादी झोडपतंय. शेठ खूश झाले. परबांनी अर्ध्या मिनिटात बटण बंद केलं.

"हा माझा बाप नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात मागून अंकलचा आवाज आला, "डबा लहान पडतो त्याला."

मग पहिल्यांदाच अंकल सलग चार वाक्यं बोलले, ती मी आजही गिऱ्हाइकांना सांगते. स्पीकरचा पडदा पुढेमागे हलतो. पुढची हवा आपल्या कानात येते, मागची डब्यात कोंडते. डबा लहान असला तर ती हवा पडद्याला लगेच परत ढकलते, म्हणून सगळे ठोके एकाच जागी आपटतात. फार मोठा असला तर पडद्याला धरून ठेवणारं काही नसतं, तो झोकांड्या खातो आणि आवाज मागे रेंगाळतो.

"याला किती पाहिजे?" मी विचारलं.

"पस्तीस लिटर. पण गाडी गॅसवरची हाय."

आम्ही डिकी उघडली. गॅसची टाकी अर्धी डिकी अडवून बसली होती. उरलेल्या जागेत पॅसेंजरची एक मोठी बॅग बसलीच पाहिजे, त्याशिवाय परबांचं एअरपोर्टचं भाडं जाणार. पस्तीस लिटरचा डबा ठेवला तर बॅग नाही. अंकलनी मान हलवली आणि आत गेले. शेठ म्हणाले, "तयारच बॉक्स बसवून घ्या, सवय होते कानाला."

मी मात्र डिकीतच वाकून राहिले. डाव्या चाकाच्या मागे, पत्र्याच्या आत, एक खळगा होता. वेडावाकडा, वर रुंद, खाली निमुळता. लाकूडकाम करणारा तिकडे बघणारच नाही, कारण त्यात एकही कोपरा काटकोनात नाही. पण सीट कव्हर शिवणारीला सगळं जग तसंच दिसतं. मी ब्राउन पेपर आणला आणि सीटचा काढते तसा खळग्याचा पॅटर्न काढला. पुठ्ठ्याचा डबा करून आत बसवून बघितला. बॅगेला धक्का न लावता बसला.

आता त्यात हवा किती? असल्या आकाराचं गणित माझ्या वहीत नव्हतं. आमच्याकडे कुशनमध्ये भरायचे थर्माकोलचे दाणे होते. लिटरच्या मगने मोजून मी ते पुठ्ठ्याच्या डब्यात ओतायला लागले. पंखा बंद करायला विसरले आणि दाणे सगळ्या दुकानात उडाले, शेठच्या मिशीला चिकटले, परबांच्या भुवयांवर बसले. शेठ ओरडले. मी पंखा बंद केला आणि पुन्हा एकपासून मोजलं. साडेएकोणीस. त्यातून स्पीकरचं लोहचुंबक आत किती जागा खातं ते वजा केलं, आधाराची पट्टी वजा केली. सतरा उरले.

मी अंकलना जाऊन विचारलं, "सतरा लिटरमध्ये काय बसेल?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "दहा इंची. चांगला असेल तर."

आता हे परबांना सांगायचं होतं. बारा इंची सब त्यांनी हौसेने घेतलेला, खोकं अजून मागच्या सीटवर होतं. मी म्हटलं, "परबकाका, हा परत देऊन दहाचा आणा. याला लागेल एवढी जागा तुमच्या गाडीत नाही."

त्यांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "बापासाठी लहान आणू? लोक पंधरा-पंधरा इंची लावतात."

"लावू देत. तुम्हाला मोठा पाहिजे की डावा हात पाहिजे?"

"वंदना!" शेठ म्हणाले.

परबांनी सब उचलला, डिकी आपटली आणि गेले. शेठ त्या दिवशी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. गिऱ्हाईक स्वतःच्या पायाने आलेलं, तेही पितृपक्षात, आणि शिवणारी बाई त्याला माल परत करायला सांगते, असा त्याचा सूर होता. शेवटी म्हणाले, "तू कव्हरं शिव. आवाजाचं आम्ही बघतो." मी कव्हरं शिवली. पण ब्राउन पेपरचा पॅटर्न घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी भाकऱ्या करतानाही मी मनात तो खळगा मोजत होते. माझं चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही. भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची, की परब आलेच नाहीत तर मला हे कधी कळणारच नाही.

पंचमीला सकाळी परब आले. हातात दहाचं खोकं. काउंटरवर ठेवून शेठकडे न बघता मला म्हणाले, "ताई, आता तुम्हीच करा."

शेठनी हात वर केले. अंकल म्हणाले, "मी सांगतो, ती कापेल." एवढंच. कापायच्या आधी त्यांनी माझा पदर कमरेला घट्ट खोचायला लावला, बांगड्या काढायला लावल्या, आणि माझी दहाही बोटं एकेक करून फळीवर कुठे ठेवायची ते दाखवलं. ते काम बघायला सोपं वाटायचं. अठरा मिलीमीटरची फळी करवतीखाली गेली की हातात अशी थरथरते की कोपरापर्यंत मुंग्या येतात. लाकडाचा भुसा घामावर बसून पीठ झालं. दोन दिवसांत सहा बाजू कापल्या, गोंद लावला, स्क्रू मारले, सगळ्या सांध्यांना आतून भुसा आणि गोंद भरला. सप्तमीला सब बसवून भजन लावलं.

आवाज आला, पण घसा दाबून धरलेल्या माणसासारखा.

परब माझ्याकडे बघत होते. मी अंकलकडे. मी सब काढला, डबा टेबलावर घेतला आणि परत दाणे ओतले. चुंबकाची जागा वजा करून बारा. सतरा पाहिजे होते, बारा उरले. चूक लगेच कळली, आणि इतकी बावळट की कान गरम झाले. पुठ्ठा पातळ असतो, फळी जाड. मी पुठ्ठ्याच्या मापानेच फळ्या कापल्या होत्या. फळीची जाडी दोन्हीकडून आतली जागा खाऊन गेली होती. बाहेरून डबा तेवढाच दिसत होता.

"तुम्हाला कळलं होतं?" मी अंकलना विचारलं.

"कापताना कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू लक्षात ठेवलं नसतं."

मला रडू येत होतं, पण रागच जास्त होता. मी हातोडा घेतला आणि तो डबा तिथेच फोडला. जोडून, ठोकून काही वाढवता येण्यासारखं नव्हतं. खळग्यात अजून जागा कुठे आहे ते शोधायला मी पुन्हा डिकीत शिरले. आतला प्लॅस्टिकचा कप्पा काढला तर मागे चार बोटं पोकळी निघाली. नवा पॅटर्न काढला, यावेळी फळीचा तुकडा हातात धरून. दशमीला तीन दिवस होते. अष्टमीला घरी सासऱ्यांचा म्हाळ होता, पण जाऊबाईंना म्हटलं, वडे तुम्ही तळा, मी खीर करून जाते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की सासरे कावळ्याच्या रूपाने येऊन मला जाब विचारणार. मी खीर केली, नमस्कार केला आणि दुकानात गेले.

त्या दिवशी अंकलनी न विचारता फळीचं दुसरं टोक धरलं.

नवमीला संध्याकाळी पाचच्या सुमारास दुसरा डबा बसला. चुंबकाची जागा वजा करून दाणे सतरा मग भरले होते आणि वर मूठभर. परब ड्रायव्हरच्या सीटवर, मी बाजूला, अंकल बाहेर डिकीवर तळहात ठेवून. शेठसुद्धा दारात येऊन उभे राहिले. भजन सुरू झालं. टाळ, पेटी, आणि मग खालून, सीटच्याही खालून, तो आला. घुमारा. एकेक ठोका वेगळा, कुठे दाबून सरकवलेला, कुठे मोकळा सोडलेला. त्यात एक हात दिसत होता. मनगट कुठे टेकलंय ते दिसत होतं. परबांनी दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरलं होतं. "बाबा," असं काहीतरी म्हणाले असावेत.

दुसरा अभंग झाला. तिसरा सुरू झाला, लय वाढली, आणि मला काहीतरी खटकलं. उजवा हात चालला होता, डावा किंचित मागे येत होता. मग एक ठोका आलाच नाही. पुढच्या आवर्तनात दोन आले नाहीत. कोरस जोरात होता, टाळ होते, त्यामुळे पटांगणात कुणाला कळलंही नसेल. इथे लपायला जागा नव्हती. मला वाटलं, डब्यातून हवा गळतेय. मी मागे वळून अंकलकडे बघितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. डब्यात काही नव्हतं.

परबांनाही ऐकू आलं होतं. ते काच खाली करून रस्त्याकडे बघत होते.

"पुढच्या वर्षी त्यांचा हा हात गेलाच," ते म्हणाले. "आम्हाला वाटलं, एकदम गेला. सकाळी कप सुटला तेव्हा कळलं. म्हणजे तो आधीपासूनच…"

या माणसाने बापाचा हात मागितला होता आणि मी त्याला हे दिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, बेस थोडा कमी करून देऊ? मग एवढं कळणार नाही."

ते म्हणाले, "नको. आहे तसा राहू दे." आणि थोड्या वेळाने, "परत लावा. तिसरा."

आम्ही तो तीनदा ऐकला.

दसऱ्याला शेठनी तयार बॉक्स आणलेच. ते विकलेही गेले, खोटं कशाला सांगू. पण अंकलचा कोपरा हलवायचा विषय त्यांनी परत काढला नाही, आणि माझ्या मशीनच्या बाजूला एक दुसरं स्टूल आलं. पुढची सहा वर्षं मी अर्धा दिवस कव्हरं शिवली आणि अर्धा दिवस बॉक्स कापले. अंकल आता वाडीत घरीच असतात. मी महिन्यातून एकदा जाते. गेल्या गेल्या ते माझ्या हातांकडे बघतात आणि बोटं मोजतात.

त्याच पितृपक्षात, सर्वपित्रीच्या दिवशी दुपारी परब दुकानात आले होते. वड्यांचा पुडा माझ्या मशीनवर ठेवला आणि स्टूल ओढून बसले. दशमीला पान ठेवून झाल्यावर त्यांनी आणि भावाने आईला खुर्चीत बसवून दोन जिने खाली आणलं होतं. चाळीच्या पटांगणात गाडी उभी करून तिला पुढच्या सीटवर बसवलं, दारं लावली, भजन लावलं. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. तिसऱ्या अभंगाला, तिच्या लक्षात येणार नाही, असं परब स्वतःला सांगत होते.

"आणि ताई, तो ठोका चुकला तिथे आईने मांडीवर बोट वाजवलं. बरोबर त्याच जागी. मी म्हटलं, आये, तुला माहीत होतं?"

पखवाजाच्या डाव्या बाजूला वाजवायच्या आधी ओली कणीक थापतात. ती नीट थापली तरच घुमारा येतो. थापायला मनगटात जोर लागतो, आणि बोटांना अंदाज.

म्हातारीने डोळे न उघडताच सांगितलं होतं. परबांनी ते मला तिच्याच मालवणी शब्दांत, तिच्याच सुरात सांगितलं.

"त्या वर्सा कणीक मिया लावलंय. तेंच्या हातान जमणा नाय होता. म्हणाले, पोरांका सांगू नको. पण एकय एकादस चुकवूक नाय."